देवपण कुठे राहतं?

ओनेगा सरोवरातल्या किझी बेटावर पाऊल ठेवण्याआधीच तिथलं चर्च दिसू लागतं. रशियाच्या करेलिया प्रांताची राजधानी पेत्रोझावोद्स्क. तिथून निघालेली वेगवान बोट सव्वा तास पाणी कापत येते, लहान-मोठी बेटं मागे पडतात आणि सपाट गवताळ जमिनीवर घुमटांच्या चढत्या रांगा नजरेत भरतात. बावीस घुमट, सदतीस मीटर उंची आणि सगळं काम लाकडाचं. १७१४ साली उभ्या राहिलेल्या या चर्चच्या भिंती पाइनच्या आडव्या ओंडक्यांच्या आहेत. ओंडक्यांना टोकाशी खाच पाडून ते एकमेकांत बसवले आहेत. या सांध्यांत खिळा नाही. घुमटांवर अ‍ॅस्पेनच्या लाकडाची हजारो छोटी कौलं आहेत, ती मात्र खिळ्यांनी ठोकलेली आहेत. नवं असताना हे लाकूड पिवळट दिसतं, ऊन-पावसात वर्षं काढल्यावर त्यावर चांदीची झाक येते. बांधकाम पूर्ण झाल्यावर मुख्य सुताराने आपली कुऱ्हाड सरोवरात फेकून दिली आणि असं काम पुन्हा होणे नाही असं तो म्हणाला, अशी लोककथा त्या भागात आजही सांगतात.

हे चर्च मूळचं इथलंच. पण बेटावर आज जे इतर बांधकाम दिसतं, त्यातलं बरंचसं दुसऱ्या गावांतून आणलेलं आहे. १९६६ साली किझी हे खुलं संग्रहालय म्हणून स्थापन झालं. त्याआधीपासूनच ओनेगाच्या काठावरची घरं, कोठारं, पवनचक्क्या आणि छोटी प्रार्थनाघरं इथे येऊ लागली होती. ओश्येवनेवो गावातलं १८७६ सालचं एक श्रीमंत शेतकऱ्याचं घर असंच आणलेलं. माणसांच्या खोल्या, गोठा आणि गवताची माडी एकाच मोठ्या छपराखाली. उत्तरेकडच्या लांब हिवाळ्यात गुरांपर्यंत जायला बर्फात उतरावं लागू नये म्हणून. घरात एका कोपऱ्यात भलीमोठी चूल आणि तिच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यात देवाच्या तसबिरी, म्हणजे आयकॉन. घरात शिरणारा आधी त्या कोपऱ्याकडे वळून क्रूसाची खूण करायचा आणि मगच घरच्यांशी बोलायचा. तो कोपरा संग्रहालयात जसाच्या तसा मांडलेला आहे, फक्त घरात कोणी राहत नाही.

घराच्या बाबतीत मनाला फार टोचणी लागत नाही. राहतं घर सोडून माणसं नव्या घरात जातात आणि जुनं घर बघायची वस्तू होतं, हे सहज मान्य होतं. प्रार्थनास्थळाचं तसं नाही. लाकडी चर्चच्या उंबऱ्यावर आलेल्या माणसाला काहीतरी ठरवावं लागतं. पुरुषांनी चर्चमध्ये टोपी काढावी हा ऑर्थोडॉक्स रिवाज. मग इथे टोपी काढायची का? हे देवाचं घर आहे की देवाच्या घराचा नमुना? असलंच देवपण, तर ते लाकडात आहे, जागेत आहे, की येणाऱ्या माणसांत?

हा प्रश्न किझीवर सगळ्यांत तीव्रपणे उभा राहतो तो बायबलमधल्या लाझारसच्या पुनरुत्थानाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका चिमुकल्या चर्चपाशी. बावीस घुमटांच्या भव्यतेपुढे ते एखाद्या झोपडीएवढं वाटतं. परंपरेनुसार लाझार नावाच्या साधूने चौदाव्या शतकात ओनेगाच्या पूर्व किनाऱ्यावर मुरोम मठ स्थापला आणि हे चर्च त्याच काळातलं मानलं जातं. रशियात टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या लाकडी चर्चमध्ये त्याची गणना होते. ते आजार बरे करतं अशी श्रद्धा होती, म्हणून यात्रेकरू लांबून तिथे येत. क्रांतीनंतर मठ बंद पडला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस चर्चचे ओंडके सुटे करून किझीला आणले गेले आणि पुन्हा एकावर एक रचले गेले.

बरं करण्याची शक्ती त्या ओंडक्यांत होती असं मानलं, तर ती ओंडक्यांबरोबर बेटावर आली असणार. ती लाझारच्या समाधीस्थानाच्या मातीत असेल, तर मागे मुरोमलाच राहिली. आणि वाट तुडवत येणाऱ्या माणसांच्या विश्वासात असेल, तर यात्रा थांबली त्याच दिवशी तिचा आधार गेला, चर्च हलो वा न हलो.

ऑर्थोडॉक्स परंपरेकडे याचं स्वतःचं उत्तर आहे आणि ते विचार करायला लावणारं आहे. मुख्य उपासनेसाठी वेदीवर एक चौकोनी वस्त्र अंथरावं लागतं. बिशपने अभिमंत्रून सही केलेल्या या वस्त्रात संतांच्या अवशेषांचा अंश शिवलेला असतो. ते असेल तर युद्धभूमीवरच्या तंबूतही उपासना करता येते. ते नसेल तर राजधानीतल्या संगमरवरी चर्चमध्येही करता येत नाही. म्हणजे पावित्र्याचं केंद्र घडी घालून नेता येण्याजोगं आहे. पण त्याच परंपरेत इमारतीबद्दलही जुना दंडक आहे: मोडलेल्या चर्चचं लाकूड दुसऱ्या चर्चलाच लावावं, ऐहिक कामात घेऊ नये. उपासना निघून गेली तरी लाकूड पुन्हा नुसतं लाकूड होत नाही. तिथे जे घडलं त्याचं ऋण त्याच्यावर राहतं आणि ते वापरणाऱ्याने ओळखावं लागतं.

खुल्या संग्रहालयांचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न त्यांच्या जन्मापासूनच त्यांच्यासोबत आहे. नॉर्वेत १८५१ साली कायदा झाला की चर्चमध्ये त्या भागातल्या लोकसंख्येच्या ठरावीक हिश्श्याला बसायला जागा हवी. उभ्या खांबांवर पेललेली मध्ययुगीन ‘स्टाव्ह’ चर्च लहान होती, काळोखी होती. गावांनी नवी चर्च बांधली आणि जुनी पाडली किंवा विकली. एके काळी तिथे अशी शेकडो चर्च होती. आज अठ्ठावीस उरली आहेत. गोल नावाच्या गावातलं सुमारे १२०० सालचं असंच एक चर्च पाडलं जाण्याच्या बेतात होतं. राजा ऑस्कर दुसरा याच्या आश्रयाने ते १८८० च्या दशकात आजच्या ओस्लोतल्या बिग्दोय इथे आणून उभारलं गेलं. राजाने तिथे जमवलेल्या जुन्या इमारतींचा हा संग्रह जगातल्या अगदी पहिल्या खुल्या संग्रहालयांपैकी एक. पुढे १८९१ मध्ये आर्तुर हासेलियुस याने स्टॉकहोममध्ये ‘स्कान्सेन’ उघडलं आणि ही कल्पना युरोपभर पसरली.

गोलच्या लोकांनी अधर्म केला असं म्हणता येईल का? त्यांनी देव सोडला नव्हता, नव्या, मोठ्या इमारतीत नेला होता. जुनी इमारत त्यांच्या लेखी कामातून गेलेली होती. तिचं मोल वाटलं ते बाहेरच्यांना: चित्रकारांना, इतिहासाच्या अभ्यासकांना, राजाला. भाविकांनी सोडलेली वस्तू रसिकांनी उचलली, असा हा अदलाबदलीचा प्रसंग. आणि रसिकांनी ती उचलली नसती, तर आज त्या कोरीव दारांपुढे कोणीच उभं राहू शकलं नसतं.

प्रत्येक हलवलेल्या चर्चचं नशीब असं देवाविना गेलं नाही. नॉर्वेच्याच वांग गावचं चर्च १८४० च्या दशकात प्रशियाच्या राजाने विकत घेतलं आणि डोंगरातल्या एका वस्तीत उभारलं. ती वस्ती आज पोलंडमध्ये आहे, कार्पाच या गावात. सरहद्दी बदलल्या, माणसं बदलली, भाषा बदलली. तरी तिथे आजही प्रॉटेस्टंट मंडळी उपासनेला जमतात. स्कान्सेनमधलं सेगलोरा चर्च १७३० सालचं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते पश्चिम स्वीडनमधून उचलून स्टॉकहोमला आणलं गेलं. संग्रहालयाच्या आवारात असूनही त्यात लग्नं लागतात, आणि तिथे लग्न लावणं स्टॉकहोमकरांना विशेष आवडतं. पर्यटकाच्या तिकिटाच्या पलीकडचं असं काहीतरी त्या इमारतीत अजून घडतं. दोन माणसं तिथे एकमेकांना शब्द देतात आणि तो शब्द आयुष्यभर त्यांच्यावर बंधनकारक असतो. त्या घटकेपुरती तरी ती इमारत प्रदर्शनातली वस्तू नसते.

किझीच्या मोठ्या चर्चची गोष्ट उलटी आहे. ते आपल्या जागेवरून कधीच हललं नाही. तरीही तिथलं देवपण तुटलं.

किझी हे केवळ पूजेचं ठिकाण नव्हतं. आसपासच्या बेटांवरच्या आणि किनाऱ्यांवरच्या खेड्यांचा सगळा कारभार तिथे एकवटला होता. माणसं होड्यांतून यायची: बाप्तिस्म्याला, लग्नाला, प्रेत घेऊन, सणाला. बावीस घुमटांचं चर्च तापवता येत नसे, म्हणून ते उन्हाळ्याचं. शेजारचं धाकटं चर्च चुलींनी ऊब धरणारं, म्हणून हिवाळ्याचं. १७६९ मध्ये सरकारने शेतकऱ्यांवर कारखान्यांची सक्तीची कामं लादली तेव्हा इथूनच उठाव सुरू झाला, आणि १७७१ मध्ये याच चर्चच्या आवारात जमलेल्या शेतकऱ्यांवर तोफा डागून तो मोडला गेला. देवापुढे उभं राहण्याची जागा आणि अन्यायाविरुद्ध उभं राहण्याची जागा त्या लोकांना वेगळी वाटली नव्हती.

१९३७ मध्ये, स्टालिनच्या दडपशाहीच्या काळात, इथल्या धर्मगुरूला अटक झाली आणि उपासना थांबली. इमारत मात्र राज्याने वास्तुकलेचा ठेवा म्हणून जपली. देव नाकारणाऱ्या सत्तेने देवाचं घर सांभाळलं, त्यातल्या देवाला बाहेर ठेवून. इथे ओंडके तेच होते, जागा तीच होती, शंभर आयकॉनांची भिंतही बराच काळ होती. नव्हता तो फक्त माणसांचा तिथे जमण्याचा हक्क. आणि तेवढं गेल्यावर चर्च संग्रहालय झालं. मुरोमचं चर्च ओंडकाओंडका सुटं होऊन आलं, वांगचं समुद्र ओलांडून गेलं. पण देवपणाला सगळ्यांत खोल घाव बसला तो न हललेल्या चर्चमध्ये.

अर्थात, सांभाळणाऱ्यांकडे तुच्छतेने पाहणं अन्यायाचं होईल. अलेक्सांद्र ओपोलोव्निकोव या वास्तुतज्ज्ञाने आयुष्य या लाकडी चर्चना दिलं. १९५० च्या दशकात त्याच्या देखरेखीखाली किझीच्या चर्चवरून एकोणिसाव्या शतकातलं फळ्यांचं आवरण आणि घुमटांवरचे लोखंडी पत्रे काढले गेले, आणि १७१४ चे ओंडके पुन्हा उजेडात आले. आज जगभर जे छायाचित्र प्रसिद्ध आहे ते या कामामुळे. पण यातही एक अवघड प्रश्न दडला आहे. त्या फळ्या बसवल्या होत्या तिथल्याच भाविकांनी, आपलं चर्च पावसापासून वाचावं आणि नीटनेटकं दिसावं म्हणून. त्यांच्या दृष्टीने ती सेवा होती. तज्ज्ञाच्या दृष्टीने ती मूळ सौंदर्यावर चढलेली पुटं होती. ‘खरं’ चर्च कोणतं? सुताराने उभारलेलं, की दीडशे वर्षं वापरून लोकांनी आपल्या परीने बदललेलं? संग्रहालयाला एक क्षण निवडावा लागतो. श्रद्धा मात्र एकाच क्षणात राहत नाही. ती घरासारखी वापराने बदलत जाते.

लाकूड काही कोणासाठी थांबत नाही. ओंडके कुजू लागले, भिंती कलल्या. १९८० च्या दशकात आतून पोलादी सांगाडा बसवून चर्च पेलून धरावं लागलं आणि ते लोकांसाठी बंद झालं. पुढे अभियंते आणि सुतार यांनी अवघड मार्ग स्वीकारला. चर्चचे आडवे सात थर कल्पून वरचे थर सांगाड्यावर अधांतरी उचलायचे, खालचा थर सुटा करून बेटावरच्याच कार्यशाळेत न्यायचा, ओंडके तपासायचे, कुजका भाग कापून तिथे नवं लाकूड सांधायचं, पूर्ण कामातून गेलेला ओंडका बदलायचा आणि थर परत जागेवर बसवायचा. मग त्याच्या वरचा थर. दहा वर्षांच्या आसपास हे काम चाललं. सर्वाधिक ओंडके मूळचेच राहतील यावर भर होता. २०२० मध्ये चर्च पुन्हा उघडलं.

बदललेले ओंडके धरून ते तेच चर्च आहे का? प्लुटार्कने थेसिअसच्या जहाजाबद्दल हाच वाद नोंदवला आहे: एकेक फळी बदलत गेलेलं जहाज तेच म्हणायचं की दुसरं? भारतीय वाचकाला त्याहून जवळचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातला. भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, रथ म्हणजे काय? आस, चाकं, दांडा, यांतला कोणता भाग रथ? एकही नाही, आणि सगळ्यांचा नुसता ढीगही नाही. रथ हे भागांच्या परस्पर नात्याला व्यवहारात दिलेलं नाव आहे. नागसेनाचा रोख माणसाच्या ‘मी’कडे होता, पण चर्चच्या दारात तो युक्तिवाद अधिक पुढे जातो. प्रार्थनास्थळाच्या भागांमध्ये ओंडके जसे येतात तशी तिथे येणारी माणसंही येतात. माणसं वजा केली तर सगळे ओंडके शाबूत असूनही रथाची चाकं गेलेली असतात.

ज्यांच्याकडे लाकडाच्याच देवळांची परंपरा आजही जिवंत आहे, त्यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. जपानमधलं इसे इथलं महामंदिर सातव्या शतकाच्या अखेरीपासून ठरावीक काळाने नव्याने बांधलं जातं. आज हा अवधी वीस वर्षांचा आहे. शेजारी-शेजारी दोन जागा आहेत, एका जागेवर जुनं मंदिर असताना दुसऱ्या जागेवर नवं उभं राहतं आणि रात्रीच्या विधीत देवता नव्या मंदिरात जाते. २०१३ मध्ये हे बासष्टाव्यांदा घडलं. यादवी युद्धांच्या काळात शतकाहून अधिक खंड पडला होता, तरी विधी पुन्हा सुरू झाला. उतरवलेलं लाकूड देशभरच्या दुसऱ्या देवस्थानांना जातं. मोडलेल्या चर्चचं लाकूड चर्चलाच लावा म्हणणाऱ्या रशियन दंडकाशी हे किती जुळतं! लाकूड तेराशे वर्षांचं नाही, पण ते तासणारा हात, त्या हाताने पुढच्या हाताला दिलेली विद्या आणि देवतेबद्दलचं कर्तव्य मात्र तो खंड ओलांडून चालत आलं आहे. १९९४ मध्ये जपानमधल्याच नारा शहरात जगभरचे तज्ज्ञ जमले आणि वारशाचा अस्सलपणा केवळ मूळ साहित्यावरून ठरवता येणार नाही, तो ज्या संस्कृतीतला असेल तिच्या दृष्टीनेच जोखला पाहिजे, हे त्यांनी लेखी मान्य केलं.

पुरीच्या जगन्नाथाचं नवकलेवर हेही याच जातीचं. अधिक आषाढ येणाऱ्या काही वर्षी कडुलिंबाच्या लाकडाच्या नव्या मूर्ती घडवल्या जातात. अलीकडे हे १९९६ आणि २०१५ मध्ये झालं. जुन्या मूर्तीतलं ‘ब्रह्म’ डोळे बांधलेला सेवक नव्या मूर्तीत ठेवतो, जुन्या मूर्तींना मंदिराच्या आवारातच भूमी दिली जाते आणि त्यांच्यासाठी सुतकही पाळलं जातं. देव शाश्वत मानला तरी त्याच्या लाकडी देहाला मर्त्य मानण्याचं धैर्य या विधीत आहे.

गोव्याने तर इमारत आणि देवपण यांची फारकत सोसून पाहिली आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा भाविकांनी देव उचलले आणि जुवारी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात नेले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. वास्तू गेली, मूळ जागा गेली. पण देवामागून त्याचे महाजन होते, त्याची पालखी वाहणारे होते, दरवर्षी जत्रेला येणारी कुळं होती. म्हणून कवळ्याच्या शांतादुर्गेपुढे उभ्या राहिलेल्या कुळाव्याला ही दुसरीच कोणती देवी आहे असं कधी वाटलं नाही. युरोपातल्या खुल्या संग्रहालयांत बहुतेकदा वास्तू आली आणि माणसं मागे राहिली. गोव्यात माणसं आली आणि वास्तू मागे राहिली. दोन्ही अनुभव समोरासमोर ठेवले की देवपणाचा भार कशावर असतो ते दिसतं. ते नात्यात राहतं, आणि ते नातं म्हणजे फक्त भावना नव्हे. कोणीतरी दिवा लावायचा, कोणीतरी छप्पर शाकारायचं, कोणीतरी वेळेवर घंटा वाजवायची, अशी ती रोजची जबाबदारी असते. ती घेणारं कोणी आहे तोवर जागा जिवंत असते.

असं मानलं म्हणजे लाकडाला किंमत नाही असं मात्र होत नाही. किझीहून फार दूर नसलेल्या कोंडोपोगा गावात, त्याच ओनेगाच्या काठी, १७७४ साली बांधलेलं उंच, देखणं लाकडी चर्च होतं. १० ऑगस्ट २०१८ रोजी एका किशोरवयीन मुलाने लावलेल्या आगीत ते जळून गेलं. आतलं रंगवलेलं छत, त्यावरचे देवदूत, सगळं काही तासांत संपलं. नॉर्वेतलं बर्गनजवळचं फान्तोफ्त चर्चही १९९२ मध्ये जाळपोळीत गेलं होतं. तेही १८८३ मध्ये दुसऱ्या गावातून हलवून वाचवलेलं. त्याची प्रतिकृती काही वर्षांतच त्याच जागी उभी राहिली. अडीचशे वर्षं किंवा आठशे वर्षं जे हात त्या ओंडक्यांवरून फिरले, त्यांच्याशी जोडणारा शेवटचा स्पर्श अशा आगीत जातो. नवं लाकूड नव्या प्रार्थना झेलू शकतं, जुन्या प्रार्थनांची साक्ष देऊ शकत नाही. संग्रहालयं ती साक्ष जपतात, आणि म्हणून श्रद्धावंतांनी त्यांच्याबद्दल कृतज्ञ असायला हवं; सुताराने, अग्निशमन दलाच्या माणसाने आणि कीड तपासणाऱ्या अभ्यासकाने केलेलं काम हीदेखील देवाच्या घराची सेवाच आहे, करणारा देव मानो वा न मानो.

या कृतज्ञतेची दुसरी बाजू संग्रहालयांनी सांभाळायची आहे. सोव्हिएत सत्ता कोसळल्यानंतर, १९९० च्या दशकात, किझीच्या हिवाळी चर्चमध्ये पुन्हा उपासना सुरू झाली. तेव्हापासून एकाच कुंपणात संग्रहालय आणि उपासक मंडळी दोघंही नांदतात. हे सोपं नाही. मेणबत्तीची ज्योत उपासकाला हवी असते आणि संरक्षकाला तिची धास्ती असते. धुपाचा धूर आयकॉनच्या रंगांवर बसतो. सणाच्या दिवशी गर्दी वाढते तेव्हा जुन्या जमिनीवर भार पडतो. तरीही या रोजच्या तडजोडीतच प्रामाणिकपणा आहे. एका पक्षाला बाहेर काढून प्रश्न मिटवण्याचा प्रयोग १९३७ मध्ये झाला आहे आणि त्याचं फळ जगाने पाहिलं आहे.

कोंडोपोगाच्या किनाऱ्यावर मात्र तडजोड करायला इमारतच उरली नाही. तिथे नवं चर्च उभारावं का, आणि उभारलं तर ते जुनंच चर्च म्हणावं की त्याची प्रतिमा? इसेचा, पुरीचा आणि गोव्याचा अनुभव असं सुचवतो की याचा निकाल आराखड्यांवरून लावता येणार नाही. जुनी मोजमापं, जुनी छायाचित्रं हाताशी असली तर हुबेहूब इमारत उभी करता येईल. पण तिच्या घंटेची दोरी कोण ओढणार, हिवाळ्यात दारापुढचा बर्फ कोण काढणार आणि तीस वर्षांनी कौलं बदलायची वेळ आली की कुऱ्हाड कोण हातात घेणार, हे आधी गावकऱ्यांना विचारावं लागेल. त्यांनी ती जबाबदारी घेतली तर कोवळ्या पाइनच्या पांढऱ्या ओंडक्यांचं ते घर पहिल्या दिवसापासून कोंडोपोगाचं चर्च ठरेल. त्यांनी ती घेतली नाही तर रिकामी जागा तशीच राखणं आणि तिथे काय होतं ते येणाऱ्यांना सांगणं, हेच अधिक खरेपणाचं होईल.